कुंड्यांचा निकाल

जेवणं उरकली, भांडी निथळत ठेवून झाली, तरी निकालाचं नाव कुणी काढेना. एरवी ह्या घरात पाच माणसं जमली की सहा मतं निघतात. त्या दुपारी मात्र सगळे शहाण्या मुलांसारखे गप्प. समुद्रावरून कोमट, ओला वारा येत होता. मागच्या व्हरांड्याचे पांढरे पडदे फुगायचे, खोलीत डोकावायचे आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन लोंबकळायचे. काचांवर मिठाचा पातळ पापुद्रा धरला होता, त्यातून भिंत, वाळू, पाणी आणि आभाळ वेगवेगळं ओळखू येत नव्हतं. आई वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून बसली होती. झोपली होती म्हणावं तर तसंही नाही. तिची दुपारची झोप घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिला त्या झोपेत सगळं ऐकू येतं.

"चहा टाकू का?" सुनेने विचारलं.

"वहिनी, आत्ताच तर जेवलो."

"मग नको."

चहा नाकारून धाकटा सतरंजीवर आडवा झाला आणि छतावर हलणारा उजेड बघत राहिला. तो नाटकांना दिवे देतो, म्हणून घरात त्याचं नाव दिवेवाला. त्याला उजेड दिसला की कामाचं काही सुचत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगून टाकलेलं बरं. गेल्या वर्षी आई हिरवळीला पाणी घालताना रबरी नळीत पाय अडकून पडली आणि कंबर मोडून बसली. ही हिरवळ आप्पांची, म्हणजे मुलांच्या वडिलांची, हौस. आप्पा गेले, हिरवळ राहिली, आणि तिच्यामागे नळी ओढत फिरायला आई राहिली. तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून थोरल्याने फर्मान काढलं होतं: एकतर नळीशिवाय जगणारी बाग करा, नाहीतर आईने आमच्याकडे शहरात यायचं. बाग सोडून द्यायची सोय नव्हती, कारण वाळू धरून ठेवायला काही नसलं की ती थेट उंबऱ्यापर्यंत येते. फरशी घालावी तर तीच वाळू फरशीवर साठते, मग झाडा रोज उठून.

म्हणून लेकीने भिंतीलगत कुंड्यांची रांग लावली. लोकांच्या बागा करून देणं हाच तिचा धंदा, घरात तिला माळीण म्हणतात. खोल कुंड्या, भरपूर वाळू आणि खडी, आणि त्यात जगात कुठल्याही समुद्रकाठी निभावून नेतील अशी गवतं, लव्हाळे, झुडपं. मुळं धरायला त्यांना एक पावसाळा मिळाला. त्यानंतर नळाची चावी बंद, अंगणातल्या हिरवळीचीही. उन्हाळाभर थेंब नाही. जी तगतील ती बागेत लावायची. बाग होण्याएवढी तगली तर आई ह्या घरात राहणार, नाही तगली तर थोरल्याच्या गाडीत बसणार. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आईने जरा जास्तच लवकर डोलावली होती, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

माळीण उन्हाळाभर दूरच्या गावी एका मोठ्या बागेच्या कामावर होती. सकाळीच परत आली होती आणि मुद्दाम मागच्या अंगणात गेली नव्हती. निकाल सगळ्यांसमोर बघायचा, तिचं ठरलेलं.

"चला," ती शेवटी उठली. "किती वेळ टाळणार?"

आईने डोळे न उघडता हात पुढे केला. "माझी काठी द्या."

बाहेर ऊन होतं आणि नव्हतंही. समुद्रावरचं धुरकट काहीतरी अंगणावर येऊन थांबलं होतं, त्यात माणसांच्या सावल्या जेमतेम पडत होत्या. माळीण पुढे, तिच्यामागे थोरला हात पाठीशी बांधून, मग सून, मग आईचा हात धरून दिवेवाला.

पहिली कुंडी लॅव्हेंडरची. माळीण तिच्यासमोर उभी राहिली आणि राहिलीच. लॅव्हेंडर म्हणजे खडकात वाढणारं, उन्हात भाजून घेणारं झुडूप. ते बुडापासून काळं पडून मरून गेलं होतं. शेजारचं निळसर गवत, ज्याचा झुपका साळिंदरासारखा ताठ हवा, ते पिवळं होऊन मधोमध कुजलं होतं. रोजमेरी गेलेली. रुपेरी पानांचं खारझुडूप, जे खाऱ्या वाऱ्यात तोंड वर करून उभं राहतं, ते लांबलचक हिरव्या लुसलुशीत फांद्या काढून अंगावर आल्यासारखं पसरलं होतं. एकटा लव्हाळा बरा होता, पण त्याला पाण्याचं वावडं कधीच नव्हतं.

आणि रांगेच्या शेवटी? तिथे नमुन्यादाखल ठेवलेली, मरणारच अशी खात्री असलेली तीन जणं होती. आप्पांच्या हिरवळीचा एक चौकोन, एक नेचा आणि आईने हट्टाने ठेवायला लावलेली हायड्रेंजिया. तासभर पाणी उशिरा मिळालं तरी मान टाकते, म्हणून तिला सगळे राणीसाहेब म्हणायचे. राणीसाहेबांना डोक्याएवढाले फुलांचे गेंद आले होते. नेचा गुडघ्याला लागत होता. हिरवळ तर अशी की गायीने बघितली असती तर ती रडली असती.

माळिणीला क्षणभर वाटलं आपण झोपेतच आहोत. प्रवासातून आल्यावर पडतात तशी स्वप्नं, सगळं ओळखीचं आणि सगळं उलटं. तिने वाकून लॅव्हेंडरच्या मातीत बोट घातलं. बोट ओलं निघालं. दुसऱ्या कुंडीत घातलं, तेही ओलं.

"पाणी कुणी घातलं?"

थोरल्याने घड्याळात पाहिलं, सून पायातली वाळू झटकू लागली.

"मी विचारतेय, पाणी कुणी घातलं?"

"दव पडत असेल गं ताई," दिवेवाला म्हणाला. "इथे रात्री फार दव पडतं."

"हो का? आणि दवातून चहाची पत्ती पडते?" तिने निळ्या गवताच्या बुडातून चिमूटभर काळा चोथा उचलून त्याच्या नाकापुढे धरला.

दिवेवाल्याने नाक मागे घेतलं. त्याचं असं झालं होतं. प्रयोग नसला की तो इथे यायचा, दिवस कलताना कप घेऊन भिंतीवर बसायचा. त्या वेळी उजेड आडवा यायचा आणि निळ्या गवताच्या पात्यापात्याला कड लागायची. तसा उजेड त्याला रंगमंचावर कधी जमला नव्हता. मग एक दिवस पाती गुंडाळल्यासारखी दिसली आणि उजेड धरेनात. हातातला अर्धा कप त्याने ओतला. इतकंच. पुढच्या खेपेला पूर्ण कप, नंतर किटली. खेळ चालू असताना दिवा विझू द्यायचा नाही, ही त्याची अंगात भिनलेली सवय.

"एक घोट दिला असेल," तो म्हणाला. "माणुसकी म्हणून."

"माणुसकी! गवताला!" माळीण रांगेच्या टोकाकडे गेली होती. नेच्याच्या पानांआडून तिने एक कागदी पेला काढला, मग त्यात घातलेला दुसरा, मग तिसरा. दाताच्या दवाखान्यात गुळण्या करायला देतात ते पेले. सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या, कारण ह्या घरात दाताची डॉक्टर एकच.

"माझेच आहेत," सून म्हणाली. तिने साळसूदपणाचा आव आणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "आईंना औषधं द्यायला यायचे तेव्हा. वन्सं, तुम्ही रागवा, पण मला बघवेना. दिवसभर मी लोकांना दुखू नये म्हणून सुया टोचते. इथे यायचं आणि कुणीतरी सुकत चाललंय ते नुसतं बघत उभं राहायचं, ते मला येत नाही."

"अगं, पण आपलं ठरलं होतं," थोरला म्हणाला. आवाज अगदी सभेतला. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे तो, भल्याभल्यांचे नळ तोडायच्या कागदावर सही करतो. "एक शिस्त म्हणून काही आहे की नाही? तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"दादा," माळीण म्हणाली.

"काय?"

"जरा इकडे ये. ही आळी बघ."

थोरला आला. प्रत्येक झाडाच्या बुडाभोवती पाणी मुरायला मातीत गोल खळगा केलेला होता. एकजात सारखा. काठ बोटाने दाबून गुळगुळीत केलेला.

"इतकं गोल आळं ह्या घरात कोण करतं रे? शाळेत असताना वहीवरच्या सूर्यालासुद्धा कंपास लावणारा कोण होता?"

थोरल्याने खाकरून समुद्राकडे पाहिलं. दिवेवाल्याला हसू फुटलं ते त्याला आवरेना, त्याने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

थोरला रविवारी यायचा. आई झोपली की मोजपात्र घेऊन बाहेर पडायचा आणि सगळ्यांना सारखं पाणी द्यायचा; डावंउजवं त्याने आयुष्यात कधी केलं नाही. पाणी मुरतानाचा तो बारीक आवाज ऐकत तो उकिडवा बसून राही. त्या आवाजाने त्याचं डोकं रिकामं व्हायचं. ऑफिसात पाणी म्हणजे आकडे, तक्रारी, मोर्चे. इथे पाणी म्हणजे नुसतं पाणी होतं, आणि ते जिथे हवं होतं तिथे जात होतं. कधीकधी त्याला वाटायचं आप्पा मागे उभे आहेत आणि म्हणताहेत, अरे, कडेलाही घाल. तो कडेलाही घालायचा.

"मला वाटलं मी एकटाच घालतोय," तो म्हणाला.

"मलाही," सून म्हणाली.

"मला तर वाटलं मी कलाकार आहे म्हणून मलाच दिसतंय त्यांचं दुःख," दिवेवाला म्हणाला.

माळिणीने लॅव्हेंडरच्या कुंडीतून एक वाळलेली गाजराची साल उचलली. ती सरळ आईसमोर नेऊन धरली.

"भाज्या धुतलेलं पाणी गं," आई म्हणाली. "फेकून कुठे द्यायचं?"

"मोरीत! मोरीत द्यायचं, आई!" माळिणीचा आवाज चढला. "म्हणजे एकेका झाडाला चार-चार जणांचं पाणी! आणि प्रत्येकाला वाटतंय आपलं काय, थेंबभर तर घातलंय. अरे, तहानेनं नाही मेली ती. लाडानं मेली. बुडवून मारलीत तुम्ही त्यांना!"

वाऱ्याने राणीसाहेबांचे गेंद तेवढे डोलले.

"उन्हाळाभर मी तिकडे जीव मुठीत धरून होते. रोज वाटायचं, फोन करून विचारावं, कशी आहेत. नाही केला. म्हटलं, नियम तो नियम. आणि इथे माझ्या पाठीमागे हे!" तिने हातातली माती झटकली आणि थोरल्याकडे वळली. "दादा, तुझंच बरोबर होतं. घेऊन जा आईला. ह्या घरात कुणाला काही कोरडं ठेवता येत नाही. नळी बंद केली तर पेल्यांनी घालतील. नापास. सगळे नापास."

आता गंमत बघा. सकाळपासून घरात दोन पक्ष होते: आईने शहरात यावं म्हणणारे थोरला आणि सून, राहावं म्हणणारे माळीण आणि दिवेवाला. माळिणीने बाजू बदलली तर थोरल्याने खूश व्हायला हवं होतं. तो चांगलाच गडबडला.

"इतकं काही लगेच नको," तो म्हणाला. "परीक्षाच चुकीची झाली म्हटल्यावर निकाल कसा धरायचा? पुन्हा घेऊ. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?"

"तसा काही घाईचा विषय नाही."

"घाईचा विषय नाही?" सुनेने नवऱ्याकडे असं पाहिलं जसं ती किडलेल्या दाढेकडे बघत असावी. "अहो, मग सांगूनच टाका ना एकदा. आईंसाठी जी खोली करायची होती ती रंगवायला माणूस आला की परत कोण पाठवतं? रंग आवडला नाही, पंखा बसला नाही, खिडकीतून समोरची भिंत दिसते. दरवेळी नवीन कारण!"

"खिडकीतून खरंच भिंत दिसते," थोरला पुटपुटला.

"मग तुला मला न्यायचंय की नाही?" आईने विचारलं. ती कुंडीच्या काठावर टेकली होती, दोन्ही हात काठीवर.

थोरल्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मीठ नुसतं इकडचं तिकडे झालं.

"न्यायचंय," तो म्हणाला. "तू पडलीस तेव्हापासून मला झोप नाही नीट. फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस. न्यायचंय गं. पण तू आपण होऊन यावंस. झाडं हरली म्हणून नाही. तसं तुला गाडीत बसवलं असतं तर रस्ताभर मला तुझ्याकडे बघता आलं नसतं. म्हणून... घातलं पाणी."

बोलून झाल्यावर तो कुणाकडे न बघता लॅव्हेंडरची मेलेली काडी सरळ करत राहिला.

माळिणीचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काहीतरी फार वाईट वाटायला लागलं. ती पायरीवर बसली. समोर सगळं धुरकट होतं, तिची माणसं त्यात हलत होती, आणि ती ह्या सगळ्यांच्या बाहेर कुठेतरी लांब असल्यासारखं तिला वाटलं. ह्या घरात पाण्याला हात न लावलेलं माणूस एकच होतं.

"मग मीच एकटी दगड निघाले म्हणायची," ती म्हणाली.

आई काठी टेकत आली आणि कशीबशी तिच्याशेजारी बसली. पायरीवर बसायला तिला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

"तू का नाही घातलंस?"

"इथे नव्हते म्हणून."

"खोटं बोलू नकोस. इथे असतीस तर घातलं असतंस?"

माळिणीने विचार केला. "नाही."

"का?"

"मला वाटत होतं जगतील म्हणून. अगदी मनापासून वाटत होतं."

"ती? की मी?"

"दोघं," माळीण म्हणाली आणि तिला रडू आलं.

"वेडी," आई म्हणाली. "ह्या तिघांना माझी काळजी आहे गं. काळजी काय, खूप आहे, ओल धरेपर्यंत आहे. भरवसा तुला एकटीला होता. तू दगड कशी?" तिने लेकीच्या मातीच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींचे हात सारखेच होते, रुंद, नखांत काळे. "बरं, ती फुटकी कुंडी कुठे गेली रे?"

"कुठली?" दिवेवाल्याने विचारलं.

"पावसाळा संपता संपता वाऱ्यानं आडवी होऊन फुटली होती ती. तुला टाकून यायला सांगितली होती."

"भिंतीपलीकडे फेकली मी ती. का?"

माळिणीने डोळे पुसले. ती उठली तेव्हा अजून हुंदका येत होता, पण पाय दाराकडे निघाले होते. भिंतीतलं लाकडी दार मिठाने फुगून बसलं होतं, थोरल्याने खांदा लावला तेव्हा उघडलं.

पलीकडे वाळूच वाळू होती, आणि तिच्यामागे समुद्र असावा असा नुसता आवाज. कुंडीची खापरं भिंतीच्या बुडाशी पडली होती. आणि तिथून, थेट पाण्याच्या दिशेने, वाळूला कुणी हिरवा धावदोरा घातला होता. एक झुपका, मग थोडी वाळू, मग दुसरा, मग तिसरा. जमिनीखालून मुळाची दोरी पुढे पुढे गेली होती आणि ठरावीक अंतरावर डोकं वर काढून बघत होती.

"लव्हाळा," माळीण कुजबुजली. जोरात बोललं तर तो नाहीसा होईल असं तिला वाटत असावं. ती गुडघ्यांवर बसली, एक दांडा मोडून तिने सुनेच्या हातात दिला. "बोटांत फिरवून बघा, वहिनी. तीन कडा लागतात ना? गवत गोल असतं. हा तोच, माझा वाळूतला लव्हाळा. बघा, वाळू कशी धरलीय त्यानं."

खरंच, प्रत्येक झुपक्यामागे वाळूचा छोटा उंचवटा झाला होता, अडवून ठेवल्यासारखा.

"ह्याला पाणी कोण घालत होतं?" थोरल्याने संशयाने दिवेवाल्याकडे पाहिलं.

"शप्पथ नाही! मला माहीतच नव्हतं तो इथे आहे."

"कुणालाच माहीत नव्हतं," माळीण म्हणाली. "म्हणून तर जगला." ती आता हसत होती आणि नाकही पुसत होती. थोडं पुढे गेल्यावर तिला खारझुडपाच्या फांद्या सापडल्या. कुंड्या भरताना तिनेच छाटून इकडे फेकल्या होत्या. बऱ्याच वाळून काटक्या झालेल्या, पण दोन वाळूत रुतून रुजल्या होत्या. पानं आखूड, जाड, अंगावर रुपेरी साय. आतल्या लाडावलेल्या भावंडाशी त्यांचं नातं सांगूनही पटलं नसतं. भिंतीच्या कडेला पिसासारखे तुरे काढणारं पिसागवतही उगवलं होतं, आतल्या कुंडीतून बी उडून आलेलं. अर्धं करपलेलं, तरी मान हलवत होतं.

मग काय, ती दुपार तिथेच कलली. आईसाठी वेताची खुर्ची वाळूत आणली गेली, आणि बाग ठरली. पाण्याच्या बाजूला सगळ्यात पुढे लव्हाळा आणि वाळू धरणारं उंच गवत, कारण खारे तुषार अंगावर घ्यायला तेच हवेत. त्यांच्यामागे खारझुडपाची दाट फळी, वारा मोडायला. ह्या फळीच्या आडोशाला, व्हरांड्याजवळ, खडीत निळं गवत आणि नवीन लॅव्हेंडर.

"खारझुडूप मावळतीच्या बाजूला वाकडं लाव ना, सरळ रांगेत नको," दिवेवाला म्हणाला. "उजेड फटींतून आला पाहिजे."

"वारा फटींतून येईल त्याचं काय?" थोरला म्हणाला.

"वारा पूर्ण अडवायचाच नसतो, दादा. गाळायचा असतो. भिंत घातली की तो वरून उडी मारतो आणि आतलं सगळं झोपवतो." माळिणीने काठीने वाळूत वाकडी रेघ ओढली. "दिवेवाला बरोबर बोलतोय. आयुष्यात पहिल्यांदा."

"रोजमेरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली," सून म्हणाली.

"लावू. पहिला उन्हाळा तिला अधूनमधून पाणी मी देईन. मीच! तुम्ही कुणी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

थोरला बराच वेळ रेघांकडे बघत राहिला. मग आत गेला. परत दिसला तेव्हा त्याच्या खांद्यावर ती रबरी नळी होती, आप्पांच्या वेळची, हिरवी, ठिकठिकाणी तार बांधलेली. अंगणात बसून त्याने तिची नीट गोल गुंडाळी केली, कंपासने काढावी तशी, आणि गाडीची डिकी उघडून आत टाकली. डिकी बंद झाल्याचा आवाज दारातून वाळूपर्यंत आला. निकाल लागला होता.

सुनेने हळूच आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, राहायचं मग इथेच."

आईला आनंद व्हायला हवा होता. ती मात्र खुर्चीत अंग चोरून बसली होती. समोरचं पांढुरकं आता सोनेरी व्हायला लागलं होतं आणि तिचा चेहरा त्यात नीट दिसत नव्हता.

"हिरवळ त्यांची होती, पाणी माझं होतं," ती म्हणाली. "कंटाळा यायचा मला त्या हिरवळीचा. गेली ते बरं झालं." मग जरा थांबून, "म्हणजे आता ह्या बागेला कुणीच लागणार नाही."

"तेच तर हवं होतं ना?" थोरला दारातून म्हणाला.

"हो तर." आईने काठीचं टोक वाळूत रुतवलं. "रविवारी तू यायचास. मी झोपले की मोजपात्र घेऊन बाहेर. ही औषधं देऊन निघायची आणि जाता जाता मागच्या अंगणात वळायची. आणि हा धाकटा कप घेऊन भिंतीवर. मी पडद्याआडून बघायचे सगळ्यांना. सुरुवातीला मीच घातलं दोन-चारदा, मग बघितलं तर माझ्यामागे ही रांग लागलेली. मी आपली थांबले."

"तुला माहीत होतं?" माळीण उभी राहिली. "अगं, मग अडवलं का नाहीस? झाडं कुजताना दिसत होती की तुला! ती गेली की तुलाच घर सोडावं लागणार होतं!"

"कळत होतं."

"मग?"

"अडवलं असतं तर यायचं थांबला असतात," आई म्हणाली. "आप्पा गेल्यापासून इतकं येणंजाणं कधी नव्हतं ह्या घरात. म्हटलं, घर जाईल तर जाईल. एक उन्हाळा तरी असा जाऊ दे."

लाट आली, गेली. थोरला दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दिवेवाला पहिल्यांदाच उजेडाकडे पाठ करून आईकडे बघत होता.

"चला, उठवा मला," आई म्हणाली. "आणि एक करा. त्या राणीसाहेबांना पुढच्या फाटकापाशी लावा. जमिनीत."

"आई, हायड्रेंजिया?" माळिणीने नाक ओढलं. "अगं, तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. कोण घालणार?"

"मी नाही बाई. माझी कंबर मोडलीय."

"मग?"

"ज्याला वाटेल त्यानं घालावं. पण आता चोरून नको. फाटकातून हाक मारायची, आत यायचं, चहा घ्यायचा, मग घालायचं."

खड्डा थोरल्याने खणला, अर्थातच गोल. फाटकापाशी घराचा आडोसा होता, समुद्र तिथे नुसता ऐकू यायचा. राणीसाहेब जमिनीत बसल्या आणि बसल्याबसल्या त्यांनी मान टाकली. सून झारी भरून घेऊन आली आणि तिने ती कुणाच्या हातात द्यावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग माळिणीपुढे धरली.

माळिणीने झारी घेतली. आई पुढच्या पायरीपाशी, हाताच्या अंतरावर खुर्चीत बसली होती. तरीही माळीण फाटकाबाहेर गेली, फाटक लावून घेतलं, आणि रस्त्यावरून ओरडली, "आई गं! आहेस का घरात? पाणी घालायला आलेय!"

"आहे, आहे," आई म्हणाली. "ये आत."